विधी महाविद्यालयात अभ्यासकही आणि प्राचार्यही: पंधरा वर्षांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएलएम झालं, नेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली, जिल्ह्याच्या ठिकाणच्या विधी महाविद्यालयात तीन वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, शिकवणं चालू आहे. कायद्याचा अभ्यासक म्हणून नाव व्हावं आणि पुढे प्राचार्यपदही मिळावं, अशी इच्छा आहे. दोन्ही जमतं का, आणि जमवायचं तर आजपासून काय करावं?

जमतं. या दोन कामांच्या मुळाशी एकच कसब आहे: समोरचा मजकूर शब्दन्‌शब्द वाचणं आणि आपलं म्हणणं कारणं देऊन लिहिणं. निकालपत्रावर टिपण लिहिणारा आणि विद्यार्थ्याच्या अर्जावर आदेश लिहिणारा, दोघांकडून हेच अपेक्षित असतं. मात्र ही वाट नियमांनी बांधलेली आहे. ते नियम वेळेवर वाचले नाहीत तर चांगल्या अभ्यासकाचीही आठ-दहा वर्षं वाया जातात. म्हणून आधी हिशोब.

पहिली गोष्ट कटू आहे, पण ती आत्ताच कळलेली बरी. तासिका तत्त्वावरची तीन वर्षं बहुतेक मोजली जाणार नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या विनियमांत आधीच्या सेवेची गणना कशी करायची, ते कलम १० मध्ये दिलं आहे. हंगामी किंवा तात्पुरती सेवा धरायची तर तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: त्या वेळी पदाची आवश्यक अर्हता होती, नेमणूक रीतसर निवड समितीने केली होती, आणि मिळणारा एकूण मासिक पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नव्हता. तासिकेवर काम करणाऱ्याची गाडी तिसऱ्या अटीपाशी अडते. त्यामुळे ‘शिकवण्याचा अनुभव दहा वर्षं’ असं अर्जात लिहिलं तरी छाननीत तो शून्य धरला जाऊ शकतो. तासिकेवर शिकवणं सोडून द्या असं नाही. शिकवायला शिकण्यासाठी ती उत्तम जागा आहे. पण पूर्णवेळ, विद्यापीठाची मान्यता असलेली नेमणूक मिळेल त्या दिवसापासूनच घड्याळ सुरू होतं, हे धरून चाला.

पूर्णवेळ जागेसाठी एलएलएमला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) लागते. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी ऐच्छिक आणि नेट-सेट ही किमान अट आहे. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यापुरती चालते. उद्या बेंगळुरू किंवा भोपाळला अर्ज करायचा झाला तर नेटच हवी. तुमची नेट आहे, तेव्हा ही चिंता नाही. सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे स्तर १० मध्ये ५७,७०० रुपये आहे. नेमणूक विनाअनुदानित संस्थेत असेल तर कागदावरचा पगार आणि बँकेत जमा होणारा पगार एकच आहे ना, हे रुजू होण्याआधी विचारा. वर सांगितलेल्या तिसऱ्या अटीचा संबंध प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराशी आहे, आणि ते दाखवायला पुढे बँकेचं पासबुकच उपयोगी पडतं.

आता बढतीचा हिशोब. स्तर १० मधून ११ मध्ये जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, नसेल तर सहा. पण एलएलएम ही व्यावसायिक पदव्युत्तर पदवी धरली जाते, म्हणून आपल्याला पीएचडी नसतानाही पाचच वर्षं लागतात. ही सवलत कायद्याच्या कितीतरी शिक्षकांना ठाऊक नसते आणि त्यांचा प्रस्ताव वर्षभर उशिरा जातो. पुढे ११ मधून १२ ला पाच वर्षं, आणि १२ मधून १३ अ म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला तीन वर्षं. या शेवटच्या पायरीला पीएचडीशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे पीएचडी लवकर झाली तर बारा वर्षांत, नाहीतर तेरा वर्षांत सहयोगी प्राध्यापक. थेट भरतीने जायचं तर आठ वर्षांचा अनुभव, पीएचडी, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण. आणि प्राचार्यपदाला पीएचडी, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक असणं, एकूण पंधरा वर्षांची सेवा, दहा शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण. मुदत पाच वर्षांची, मूल्यमापन होऊन आणखी एकदा पाच वर्षं. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला होता, तेव्हा प्रत्येक जाहिरातीत कोणते विनियम लागू म्हणून लिहिलं आहे, ते आधी पाहायचं.

या ११० गुणांकडे जरा बारकाईने पाहू. लोक शेवटच्या दोन वर्षांत धावपळ करतात ती याच्यामुळे. आपल्या विद्याशाखेत एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, पदवी मिळालेल्या पीएचडीच्या मार्गदर्शनाला १०, एलएलएमच्या प्रबंधिकेला २. एकट्याने लिहिलेले दहा निबंध म्हणजे १०० गुण, एक प्रकरण ५ आणि तीन प्रबंधिका ६, मिळून १११. झालं काम. पण तेच दहाही निबंध दोघांच्या नावावर असतील तर प्रत्येकाला ७० टक्केच गुण मिळतात. म्हणजे १०० चे ७० होतात आणि बेरीज ८१ वर थांबते. दोघांपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्याला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. आणखी दोन अटी नेहमी नजरेतून सुटतात. गुण सहापैकी किमान तीन प्रवर्गांतून यावे लागतात, नुसत्या निबंधांवर भागत नाही. आणि परिषदांतली व्याख्यानं, निबंधवाचन, धोरण-मसुदे यांचे गुण मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरले जातात. दर महिन्याला कुठल्यातरी परिषदेचं प्रमाणपत्र गोळा करणाऱ्याच्या फाईलचं वजन वाढतं, गुण तेवढेच राहतात.

नियतकालिक निवडताना पूर्वी यूजीसी-केअर या मान्य नियतकालिकांच्या यादीचा आधार होता. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली. पारख अवघड नाही. संपादक मंडळावरच्या माणसांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का? मागचे चार अंक उघडून वाचता येतात का? समीक्षकाचे आक्षेप लेखी येतात का? आठवड्याभरात स्वीकृती आणि सोबत पैसे भरायचा दुवा आला तर तिथे पाठवू नका. समीक्षकाची आक्षेपपत्रं आणि तुम्ही दिलेली उत्तरं छापून ठेवा. निबंध ‘पिअर रिव्ह्यूड’ म्हणजे समीक्षकांनी तपासलेला होता का, असं पुढे निवड समितीत विचारलं तर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

वकिलीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण आपल्याकडे संध्याकाळी वकिली आणि सकाळी प्राध्यापकी ही जुनी पद्धत आहे. वकिलांच्या अध्यापनाबाबतच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे वकील कायदा शिकवू शकतो, पण दिवसाला तीन तासांच्या आत. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित करून घ्यावी लागते. अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे. सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगार घेतला तर ती तक्रार नेमकी प्राचार्यपदाच्या मुलाखतीच्या आधी येते, आणि ती खरी असते. न्यायालयाशी संबंध तुटू नये असं वाटत असेल तर विधी साहाय्य केंद्र, लोकअदालत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यक्रम हे सरळ मार्ग आहेत.

पीएचडीला २०२२ च्या विनियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, सोबत १२ ते १६ श्रेयांकांचं कोर्सवर्क. मार्गदर्शक सहायक प्राध्यापक असेल तर त्याच्याकडे एका वेळी चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी. कायद्यात मार्गदर्शकांची टंचाई असते, म्हणून आधी जागा कुठे रिकामी आहे ते पाहा आणि मग विद्यापीठ ठरवा. रजा न घेता शिकवत शिकवत पीएचडी केली तर तो काळ शिकवण्याच्या अनुभवात धरला जातो. रजा घेऊन केली तर तसं होत नाही. त्यामुळे आधी नोकरी, मग नोंदणी, हा क्रम बहुतेकांना फायद्याचा पडतो.

विषय निवडतानाच निम्मा प्रबंध तरतो किंवा बुडतो. ‘महिलांचे हक्क आणि भारतीय कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकाखाली काहीही लिहिता येतं, म्हणून नवं काहीच लिहिलं जात नाही. त्याऐवजी हा प्रश्न घ्या. पोटगीच्या कलमात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ मध्ये, अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं. मग एका जिल्ह्यातल्या न्यायालयात हे शपथपत्र खरंच दाखल होतं का, आणि झालं तर दिवस कमी लागतात का? न्यायालयाची लेखी परवानगी काढायची, पक्षकारांची नावं गाळायची आणि शंभर-सव्वाशे फायली घेऊन बसायचं. एक तक्ता आखायचा: अर्जाची तारीख, नोटीस बजावल्याची तारीख, अर्जदाराचं शपथपत्र, गैरअर्जदाराचं शपथपत्र, अंतरिम आदेशाची तारीख, रक्कम, आणि आदेशात त्या शपथपत्राचा उल्लेख आहे की नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शपथपत्र फाईलला लागलेलं असतं आणि आदेशात त्याचा एक शब्दही नसतो, हे फाईल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. निकालांच्या संग्रहात बसून केलेल्या संशोधनात हे सापडणारच नाही, कारण तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे बहुतेक आदेश कुठल्याच अहवालात छापले जात नाहीत. आणि त्यांतले पुष्कळ मराठीत असतात. १९९८ पासून राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. मराठी उत्तम येणाऱ्या संशोधकाला ही खाण मोकळी आहे.

प्रबंधात काय चुकतं? पहिली चूक शीर्षटिपांवर भिस्त ठेवण्याची. निकालाच्या डोक्यावरची टीप संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नव्हे. बहुमताचं मत, अल्पमताचं मत, निर्णयाचा आधार आणि जाता जाता केलेलं विधान यांतला फरक मूळ परिच्छेद वाचूनच कळतो. म्हणून संदर्भ देताना परिच्छेदाचा क्रमांक लिहायची सवय लावा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, सबब उरलेली नाही. यंत्राकडून किंवा दुसऱ्याच्या निबंधातून उचललेला संदर्भ मूळ निकालात सापडला नाही तर तो गाळा, कितीही सोयीचा असला तरी. दुसरी चूक उचलेगिरीची टक्केवारी शेवटच्या आठवड्यात तपासण्याची. यूजीसीच्या उचलेगिरीबाबतच्या २०१८ च्या वेगळ्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांत सापडलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष थांबावं लागतं, ६० च्या वर नोंदणी रद्द. कायद्याच्या प्रबंधात कलमांचा आणि निकालांचा मजकूर शब्दशः येतोच, तो अवतरणात आणि संदर्भासह टाका. न टाकल्यास प्रामाणिक माणूसही पहिल्या पायरीवर अडकतो.

कायद्याच्या शिक्षकाच्या लेखणीने काय होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच राज्यातल्या खटल्यातून निघाला आहे. गडचिरोली भागातल्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार शिक्षकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ‘संमती’ आणि ‘प्रतिकार न करणं’ या दोन गोष्टी निकालाने एकच धरल्या, हे त्यांनी निकालाचाच मजकूर पुढे ठेवून दाखवलं. १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती आणि पुरावा कायद्यातलं कलम ११४ अ त्यातून उभं राहिलेल्या चळवळीनंतर आलं. ते पत्र वर्गात परिच्छेद-परिच्छेद करून वाचून घ्यावं. निकालावर टीका कशी करावी याचा त्याहून चांगला धडा नाही.

शिकवण्याचा भार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकांना १४. सध्या त्यातलं मोठं काम म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचे नवे फौजदारी कायदे. जुनी दंड संहिता ५११ कलमांची होती, भारतीय न्याय संहिता ३५८ कलमांची आहे. नुसता ‘३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ (४) झालं’ असा तक्ता पाठ करून घेणं पुरत नाही. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेखाली वर्षानुवर्षं चालणार आहेत, तेव्हा विद्यार्थ्याला दोन्ही वाचता यायला हवेत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश वर्गातच ठेवा. ‘प्रेझम्प्शन’ला एकाने गृहीतक आणि दुसऱ्याने अनुमान लिहिलं तर उत्तरपत्रिका तपासणाराही गोंधळतो.

प्रशासनाची उमेदवारी प्राचार्य होण्याच्या आधीच करायची असते, आणि त्यासाठी चार कामं मागून घ्या: अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट), विधी साहाय्य केंद्र, परीक्षा, ग्रंथालय. अभिरूप न्यायालयाच्या प्रात्यक्षिक पेपरचे शंभर गुण बार कौन्सिल ऑफ इंडियाने बांधून दिले आहेत. तीन अभिरूप खटले प्रत्येकी १०, त्यात ५ लेखी मांडणीला आणि ५ तोंडी युक्तिवादाला. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून लिहिलेली नोंद ३० गुणांची, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्यापूर्वीची तयारी ३०, तोंडी परीक्षा १०. चुकतं ते वह्यांत. साठ वह्यांत एकच खटला, एकाच तारखेचा, अक्षरशः एकाच वाक्यात लिहिलेला आढळतो. उपाय सोपा आहे. मुलांना पाच-पाचच्या गटाने वेगवेगळ्या न्यायकक्षांत पाठवा, वहीत बोर्डावरचा खटला क्रमांक आणि त्या दिवशी झालेला टप्पा लिहायला लावा, आणि आठवड्याच्या आत वही तपासा. सत्र संपताना तपासलेल्या वहीचा कोणालाच उपयोग नसतो.

खुर्चीवर बसल्यावर पहिल्या महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे विधी शिक्षण नियम, विशेषतः तिसरी अनुसूची, हातात पेन घेऊन वाचा. तुकडी ६० विद्यार्थ्यांची. आठवड्याला किमान ३० तास, त्यांत २४ तास व्याख्यानांचे. सत्र तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १५ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला १८. इंटर्नशिप अनुक्रमे १२ आणि २० आठवडे, एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या दोन तुकड्या असतील तर प्राचार्य सोडून पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी आठ पूर्णवेळ शिक्षक. ग्रंथालयात नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकं.

तपासणी समिती आली की ती ग्रंथालयात आधी जाते आणि ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, मागते. शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे, ते पाहिलं जातं. समिती येण्याच्या आठवड्यातच दोनशे पुस्तकांची नोंद असेल तर पुढचं काही सांगावं लागत नाही. बिलाची तारीख, रजिस्टरातली तारीख आणि पुस्तकावरचा शिक्का, तिन्ही जुळायला हवेत. मग शिक्षकांचं मस्टर, वेळापत्रक आणि बँकेतला पगार हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले जातात. वेळापत्रकात आठ नावं आणि पगारपत्रकात पाच असतील तर उत्तर प्राचार्यालाच द्यावं लागतं, संस्थाचालकाला नाही. म्हणून रुजू होतानाच हे तिन्ही कागद जुळवून पाहा, आणि जुळत नसतील तर पहिल्याच महिन्यात अध्यक्षांना लेखी कळवा. तोंडी कळवलेलं कळवल्यासारखं नसतं.

हजेरीचा नियम ७० टक्क्यांचा, अपवादात्मक कारणाने ६५ पर्यंत सवलत. यावरून न्यायालयात खूप प्रकरणं जातात आणि निकालही येत राहतात, तेव्हा ताजा निकाल वाचल्याशिवाय कोणाचाही अर्ज अडवू नका. तीन आठवड्यांनी एकदा हजेरीची यादी लावली, कमी असणाऱ्याला ईमेल गेला आणि जादा तास ठेवले, तर बहुतेक प्रश्न सत्राच्या मध्यावरच सुटतो. सत्र संपताना एकदम लावलेली यादी मुलांवर अन्याय करते.

शिस्तीच्या प्रकरणात प्राचार्य कायदा जाणतो की नाही, ते एका कागदावर कळतं. समजा, परीक्षेत विद्यार्थ्याजवळ चिठ्ठी सापडली. आधी विद्यापीठाचा अध्यादेश पाहायचा: अंतर्गत परीक्षा असेल तर चौकशी तुमची, विद्यापीठाची असेल तर तिकडे अहवाल. नोटिशीत काय सापडलं, कुठल्या पेपरला, किती वाजता हे लिहायचं, चिठ्ठीची प्रत सोबत द्यायची, उत्तराला पुरेसे दिवस द्यायचे, म्हणणं ऐकायचं. ज्या पर्यवेक्षकाने पकडलं तो साक्षीदार आहे, त्याला समितीत बसवायचं नाही. आणि आदेशात ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढं एक वाक्य लिहून सही करायची नाही. उच्च न्यायालयात आदेश पडतो तो या वाक्यापाशी. विद्यार्थी म्हणाला की चिठ्ठी बाकाखाली आधीच होती. मग ती त्याच्या अक्षरात आहे का, त्या दिवशीच्या प्रश्नांशी तिचा संबंध आहे का, आधीच्या सत्रात त्या बाकावर कोण होतं, याची उत्तरं आदेशात हवीत. घनश्यामदास गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितलं की निकाल रद्द करण्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. सुभाषचंद्र सिन्हा प्रकरणात १९७० मध्ये सांगितलं की अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणी लागत नाही. दोन्ही निकाल शिकवलेले असतात. स्वतः आदेश लिहिताना नेमके तेच विसरतात.

लैंगिक छळाच्या तक्रारीत तर मुदतीच सगळं ठरवतात: घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी, चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल. अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य नेमलेली नसेल तर चौकशीच डळमळते. समितीच्या नेमणुकीचा आदेश रुजू होताच तपासा.

भरतीचं काम संथ असतं. बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, ना-हरकत मिळवायची, जाहिरात, विद्यापीठाकडून निवड समिती, मग मान्यता. यातलं एक पान राहिलं की वर्ष जातं आणि तासिकेवरच्या माणसांवर वर्ग चालवावा लागतो. महाविद्यालय विकास समितीच्या वर्षाला किमान चार बैठका होतात. रिक्त पदांचा विषय प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. शिष्यवृत्तीचे महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचे अर्ज प्राचार्याच्या लॉगिनला अडकून राहतात, ते आठवड्यातून एक वार ठरवून मोकळे करा. त्या अर्जामागे कुणाची तरी फी आणि वसतिगृहाचं भाडं असतं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वाट थोडी वेगळी आहे. तिथे कुलगुरू असतात, त्यासाठी प्राध्यापक म्हणून दहा वर्षं लागतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. एन. आर. माधव मेनन यांनी बेंगळुरूची पहिली संस्था बारा वर्षं चालवली, मग कोलकात्याची उभी केली, मग भोपाळच्या न्यायिक अकादमीत गेले. त्याआधी दिल्लीत त्यांनी विधी साहाय्य केंद्राच्या कामात स्वतःचा हात बसवला होता.

आणि संशोधनाचं काय? प्राचार्य झाल्यावर नवं पुस्तक लिहू, असं ठरवू नका. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे एस. पी. साठे १९७६ ते १९९१ प्राचार्य होते. प्रशासकीय कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ त्या आधीचा, आणि न्यायालयीन सक्रियतेवरचा ग्रंथ २००२ चा, म्हणजे खुर्ची सोडल्यानंतरचा. मधल्या वर्षांत लेख, टिपणं, व्याख्यानं चालू ठेवता येतात, कारण त्यांना एका बैठकीचा वेळ लागतो. ग्रंथाला सलग महिने लागतात, ते या पदावर मिळत नाहीत. म्हणून पहिलं पुस्तक पदाआधी पूर्ण करा आणि पदावर असताना पुढच्या पुस्तकाची सामग्री गोळा करत राहा. एक वर्ग मात्र सोडू नका, शक्यतो पहिल्या वर्षाचा, सकाळचा पहिला तास. फोन सुरू होण्याआधी तो होऊन जातो, आणि मुलांना काय कळत नाही हे त्या एका तासात जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच प्रतिसाद-अर्जात दिसत नाही.

तुमच्या बाबतीत आजचं काम एवढंच. तीन वर्षांची तासिकेची नेमणूकपत्रं, निवड समितीचा कागद असल्यास तो, आणि मिळालेल्या मानधनाच्या नोंदी एका फाईलला लावा. मोजलं जाणार नाही तिथेही मुलाखतीत ते शिकवण्याचा पुरावा म्हणून दाखवता येतं. पूर्णवेळ जागांच्या जाहिराती फक्त स्वतःच्या जिल्ह्यापुरत्या पाहू नका. आणि या सत्रात शिकवत असलेल्या विषयातला एक निकाल घ्या, त्यावर तीन हजार शब्दांचं टिपण एकट्याच्या नावाने लिहा आणि समीक्षक आक्षेप लिहून पाठवतात अशा नियतकालिकाला पाठवा. ११० पैकी पहिले दहा तिथून सुरू होतात.